अकराव्या घोड्याची तक्रार

हेवा हा प्रकार आपल्या स्वभावातच नाही, असं गिरकीदादा दिवसातून निदान चार वेळा सांगत. सकाळी चहा पिताना एकदा, दुपारी जेवताना एकदा आणि उरलेल्या दोन्ही वेळा धाकट्या साडूच्या घोड्यांकडे बघताना. कोणी विचारलेलं नसायचं. पण ज्याच्या मनात हेवा नसतो त्याला हे असं वरचेवर सांगावंच लागतं, बिचाऱ्याचा नाइलाज असतो!

दादांचा आकाशपाळणा होता. मोठ्या मैदानाच्या कडेला, सोळा पाळण्यांचा. बावीस वर्षांत वरून कोणाची चप्पल खाली पडली असेल तेवढाच काय तो अपघात. समोर बरोबर चाळीस पावलांवर साडूचे फिरते घोडे होते. चाळीसच का, तर दादांनी ती स्वतः मोजली होती. चोवीस घोडे, सगळे नवे, सोनेरी आयाळीचे, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर साडूसारखंच हसू! साडू म्हणजे दादांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो दादांच्याच पाळण्यापाशी उभा राहून खटका ओढायचा.

"खटका कसा ओढायचा ते मी शिकवलं याला," दादा बायकोला म्हणत, "आणि आता घोडे नाचवतोय माझ्यासमोर!"

"मग चांगलं आहे की," बायको म्हणे. "शिष्य कोणाचा?"

यावर दादा जेवणाचं ताट थोडं पुढे सरकवत आणि थोड्या वेळाने परत ओढून घेत.

यंदा सरकारने नवा नियम काढला. जे जे फिरतं, झुलतं किंवा माणसाला वर उचलतं, त्या प्रत्येक खेळाची दरवर्षी तपासणी होणार. विमा पाहिजे. रोजची नोंदवही पाहिजे. खेळाची जबाबदारी घेणारा एक तज्ज्ञ पाहिजे. हे सगळं असेल तरच प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तरच हंगाम. दादांनी सगळं वेळेत केलं. तज्ज्ञाच्या रकान्यात 'स्वतः' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली आणि प्रमाणपत्र घरी घेऊन आले. क्रमांक दोन.

एक नंबर साडूला मिळाला होता!

आता एक आणि दोन यात फरक तो काय? अक्षरशः एकाचा. पण तो एक दादांच्या डोळ्यांत असा खुपला, की त्यांना तीन दिवस धड झोप लागली नाही. त्यात साडूने ते प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत बसवलं, तिकिटाच्या खिडकीवर टांगलं आणि वर एक छोटा दिवा लावला. येणारा जाणारा थांबून वाचायचा. दादांनी मात्र त्या बाजूने जाणंच सोडलं. पाण्याच्या नळाला जायचं तरी मैदानाला अख्खा वळसा घालून जायचे.

"दादा, एकदा येऊन वाचून तरी बघा!" साडू समोरून ओरडायचा.

"त्यात काय वाचायचंय? माझ्याकडे पण आहे!"

"अहो, पण यात—"

"कामात आहे मी!"

साडूचं सगळंच दादांना डाचत होतं. त्याचे ते घोडे, तो दिवा, आणि ते पांढरे बूट! दोन महिन्यांपूर्वी कसल्याशा कागदावर सही मागायला तो घरी आला, तेव्हा तेच बूट घालून आला होता. तो काहीतरी आदराने समजावून सांगत होता आणि दादा एकटक बुटांकडे बघत होते. मैदानात धूळ उडते, ग्रीस सांडतं, आणि हा पांढरे बूट घालतो! "कुठे करू सही? इथे? घे!" म्हणून दादांनी सही केली, आणि तो गेल्यावर बायकोला विचारलं, "कसला एवढा रुबाब?"

शनिवारी हंगामाचा पहिला दिवस होता. पहिल्या दिवशी लोक ज्या रांगेत उभे राहतात तीच रांग मोसमभर लांबते, हे दादांचं बावीस वर्षांचं ज्ञान. आणि या वर्षी ती रांग कुठे लागणार हे त्या दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसत होतं.

बुधवारी दादांनी आपल्या प्रमाणपत्राला जोडलेलं माहितीपत्रक पहिल्यांदाच उघडलं. दहा पानं होती. त्यातली एकच ओळ त्यांनी वाचली, पण ती अठरा वेळा वाचली: कोणाही नागरिकाला तक्रार करता येईल, तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्यात येईल.

दादांचा चेहरा उजळला. तक्रार झाली की चौकशी, आणि चौकशी होईपर्यंत घोडे तबेल्यात! फक्त शनिवारपुरते. रविवारपासून खुशाल फिरू देत की. आपण काय दुष्ट आहोत? आपल्या स्वभावात हेवा नाही म्हणून, नाहीतर दुसऱ्या कोणी अख्खा महिना बंद पाडले असते!

पण तक्रार करायची तर काही खोट सापडायला हवी. गुरुवारी दुपारी साडूने चाचणीच्या फुकट फेऱ्या ठेवल्या होत्या. मैदानातल्या दुकानदारांची मुलंबाळं चढली. त्यांच्यात थंडी नसताना मफलर गुंडाळलेले आणि ढगाळ हवेत काळा चष्मा लावलेले एक जाडजूड गृहस्थही होते. ते अकराव्या घोड्यावर बसले. दहाव्या घोड्यावर पाचेक वर्षांची एक मुलगी होती. तिने मागे वळून नीट पाहिलं.

"काका, तुमचे पाय खाली घासतायत."

"पुढे बघ!"

"तुमच्या घोड्याला उचलत नाहीये का?"

घोडे फिरू लागले. आणि काय भाग्य! अकरावा घोडा वर जाताना कुरकुरला. कुईंऽऽ! खाली येताना पुन्हा कुईंऽऽ! दादांना इतका आनंद झाला की त्यांनी घोड्याच्या मानेला मिठी मारली. चोवीस घोड्यांत नेमका हाच का कुरकुरतो, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. बाकीच्या तेवीस घोड्यांवर पंधरा-वीस किलोचे स्वार होते, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

फेरी थांबली तेव्हा समोर साडू उभा.

"दादा! तुम्ही?"

"कोण दादा?" दादा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"अहो, हा मफलर ताईंनी विणलाय. माझ्याकडे याच लोकरीचा आहे!"

दादांनी चष्मा काढला. जिना चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "मी... ते आपलं... म्हटलं बघावं, सगळं ठीक चाललंय ना."

साडूचे डोळे चक्क भरून आले. "ऐकलं का गं?" तो बायकोला हाक मारत म्हणाला. "मी म्हणत नव्हतो, दादा जातीने येणार म्हणून! नाव लपवून, मुलांच्यात बसून, न सांगता तपासणी! याला म्हणतात जबाबदारी!"

मेव्हणी नोंदवही घेऊन धावत आली. "भावोजी, इथे सही करा ना. आज तुम्ही आलात त्याची."

भोवती माणसं जमत होती. ती दहाव्या घोड्यावरची मुलगी सगळ्यांना सांगत सुटली होती, की या काकांचे पाय खाली घासतात. दादांना तिथून फक्त निसटायचं होतं. त्यांनी मेव्हणीने दाखवलेल्या जागी सही ठोकली आणि मैदानाला वळसा न घालता सरळ पळाले.

घरी आल्यावर त्यांनी दाराला कडी लावली आणि तक्रार लिहायला बसले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने, बायकोच्या जुन्या शाईच्या पेनाने. डावा हात पुढे सरकेल तशी मागची ओली ओळ पुसत जायची. दोनदा कागद बदलावा लागला. शेवटी मजकूर उतरला तो असा: 'अकरावा घोडा गुरुवारी दुपारी चार वाजता भयानक कुरकुरत होता. त्याचा दांडा सैल असून तो कोणत्याही क्षणी स्वारासकट निसटून मैदानाबाहेर जाईल. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. आपला, एक हितचिंतक नागरिक.'

पाचच्या आत जाऊन त्यांनी ती कचेरीच्या तक्रारपेटीत टाकली. घरी परतल्यावर पाहिलं तर डाव्या हाताचा तळवा करंगळीपासून मनगटापर्यंत निळाशार! साबण लावला, माती चोळली, फरशीवर घासला. रंग हलेना.

"हाताला काय झालं?" बायकोने विचारलं.

"पाळण्याला रंग देत होतो."

"पाळणे तर पिवळे आहेत."

"आतून निळे आहेत!" दादा म्हणाले आणि हात खिशात घातला.

शुक्रवारी सकाळी दादा आपल्या पाळण्याच्या तिकीट-खिडकीत चहाचा कप घेऊन, नाटकाला पुढची खुर्ची मिळाल्यासारखे बसले. दहा वाजता तपासनीस बाई आल्या. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात फाइल, चेहऱ्यावर काही नाही. त्या थेट घोड्यांकडे गेल्या. साडूने हात जोडले. मेव्हणीने तोंडावर हात ठेवला. दादांनी चहाचा एक मोठा घोट घेतला. इतका गोड चहा बायकोने कधी केला नव्हता!

मग साडूने बोट केलं. दादांच्या दिशेने. बाई वळल्या आणि चाळीस पावलं चालत दादांच्या खिडकीशी आल्या.

"गिरकीदादा तुम्हीच ना? चला."

"मी? मी कशाला? घोडे त्याचे आहेत."

"चला म्हणते ना."

घोड्यांपाशी पोचेपर्यंत दादांची बायकोही कोणीतरी बोलावल्यामुळे येऊन थडकली होती. बाईंनी दादांना त्या चौकटीसमोर उभं केलं. दिवा दिवसासुद्धा चालू होता.

"या घोड्यांचे जबाबदार तज्ज्ञ तुम्ही."

"छे हो! मी माझ्या पाळण्याचा."

"दादा थट्टा करतायत, मॅडम," साडू कौतुकाने म्हणाला.

"वाचा," बाई म्हणाल्या.

दादांनी पहिल्यांदाच मान वर करून ते प्रमाणपत्र वाचलं. वर क्रमांक एक. त्याखाली 'जबाबदार तज्ज्ञ' आणि त्यापुढे ठळक अक्षरांत दादांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मालक म्हणून साडूचं नाव त्याखाली, बारीक अक्षरांत. शेजारी दादांची झोकदार सही. ती बघताच दादांच्या डोळ्यांपुढे पांढरे बूट उभे राहिले.

"तज्ज्ञाला पंधरा वर्षांचा अनुभव लागतो," साडू म्हणाला. "माझी तर तीनच झाली. तुमच्याशिवाय मी कोणाचं नाव देणार, दादा? म्हणून तर रोज म्हणत होतो, एकदा वाचून बघा!"

दादांनी ते नाव पुन्हा एकदा, बोट लावून वाचलं.

"आता ऐका," बाईंनी फाइल उघडली. "काल दुपारी चार वाजता तज्ज्ञांनी स्वतः बसून तपासणी केली, काही दोष नाही, असं नोंदवहीत आहे. खाली तुमची सही. आणि ही तक्रार. काल दुपारी चार वाजताच अकरावा घोडा सैल होता म्हणे. दोन्ही खरं असू शकत नाही. बरोबर?"

"बरोबर," दादा पुटपुटले.

"सही खरी असेल तर तक्रार खोटी. तक्रार खरी असेल तर सही खोटी. आणि खोटी सही करणाऱ्या तज्ज्ञाचं नाव ज्या ज्या खेळावर आहे, त्या त्या खेळाचा विमा गेला. विमा गेला की खेळ बंद. म्हणजे हे घोडे बंद." बाईंनी हातोडीने समोर दाखवलं. "आणि तो पाळणाही बंद. अख्खा हंगाम!"

दादांनी आपल्या पाळण्याकडे पाहिलं. बावीस वर्षं! आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी धड केली होती, आणि ती काल संध्याकाळी पाचच्या आत स्वतःच्या हाताने पेटीत टाकून आले होते!

"तक्रार खोटी आहे!" दादा इतक्या जोरात ओरडले की बाईंच्या हातातली हातोडी निसटली.

"इतकं छातीठोकपणे कसं सांगता?"

"म्हणजे... कोणीतरी जळकुकडा माणूस असणार, मॅडम!"

"असणारच!" मेव्हणी उसळली. "भावोजींच्या सहीवर संशय? ज्या हाताने हे लिहिलं ना, तो हात झडो मेल्याचा!"

"अगं, हळू," दादा म्हणाले आणि डावा हात खिशात आणखी खोल गेला.

बायको दादांच्या खिशाकडे बघत होती.

"बसा अकराव्यावर," बाईंनी हुकूम सोडला.

दादा बसले. घोडे फिरले. कुईंऽऽ!

"कुरकुरतोय की."

"तेल कमी आहे, मॅडम," दादा कळवळून म्हणाले. "आणि वजन जास्त आहे. माझं. घोड्याचा काही दोष नाही, गुणी घोडा आहे!"

बाईंनी दांड्यावर हातोडी मारून पाहिली. वर मारली, खाली मारली, नट फिरवून पाहिला. दांडा टस की मस झाला नाही. "घट्ट आहे," त्या म्हणाल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दादांचा अर्धाच पडला, कारण बाईंनी कोरा कागद पुढे केला. "तज्ज्ञांनी तक्रारीला लेखी उत्तर द्यायचं असतं. आत्ताच द्या, म्हणजे उद्या दोन्ही खेळ सुरू करता येतील."

दादा तिकिटाच्या खिडकीवर वाकून आपल्याच तक्रारीला उत्तर लिहू लागले. साडू शेजारी उभा राहून सुचवायला लागला. "लिहा दादा, तक्रारदार हा मत्सरी असून..."

"मत्सरी असून," दादांनी लिहिलं.

"त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही."

"इतकं नको रे."

"लिहा हो! बावीस वर्षांच्या माणसावर चिखल उडवतो म्हणजे काय?"

दादांनी लिहिलं. तेवढ्यात वारा आला आणि कागद फडफडायला लागला. एका हाताने त्यांना तो आवरेना.

"दुसऱ्या हाताने धरा की कागद," बाई म्हणाल्या.

"खिशातच बरा आहे तो."

"धरा."

दादांनी हात बाहेर काढला आणि कागदावर ठेवला. बाईंनी त्या निळ्या तळव्याकडे पाहिलं. मग फाइलमधली तक्रार काढून पाहिली. तिची प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे फरफटत पुसलेली होती.

"डावखुरे आहात?"

"नाही," दादा म्हणाले. तो एक शब्दही अकराव्या घोड्यासारखा कुरकुरला.

बाईंनी तक्रारीची नीट घडी घातली. "तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचा नियम आहे," त्या म्हणाल्या, "आणि नियम मी पाळते. पण एक शेरा मारावा लागेल. हंगाम संपेपर्यंत, रोज सकाळी खेळ सुरू होण्याआधी, तज्ज्ञांनी चोवीसही घोड्यांवर एकेक फेरी बसून तपासणी करावी. स्वतः!"

"दादांना आवडेलच ते!" साडू आनंदाने म्हणाला. "काल तर मिठी मारली होती त्यांनी घोड्याला!"

बाई गेल्या. माणसं पांगली. साडू दादांच्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, पहिला नंबर मला कसा मिळाला ते सांगायचंच राहिलं. कचेरीत ही रांग होती. खिडकीतल्या माणसाने विचारलं, तज्ज्ञ कोण? मी तुमचं नाव घेतलं. तर तो उठून उभाच राहिला! म्हणाला, त्यांच्या पाळण्यात मी लहानपणी बसलोय, पुढे या तुम्ही. नंबर तुमचाच आहे तो. माझा नाही."

दादा त्याच दिवशी त्याच रांगेत साडूच्या मागे उभे होते; बाकीच्या लोकांची कामं दुसरीच होती. याचा नंबर आपल्या आधी लागला म्हणून इतके फुगले होते, की खिडकीशी गेल्यावर त्यांनी नावसुद्धा तोंडाने सांगितलं नव्हतं, नुसता कागद आत सरकवला होता. त्यांना लाज वाटली. सरळ सांगायचं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, ऐक ना," ते म्हणाले. "ती तक्रार... म्हणजे ज्याने केली तो..."

"जाऊ द्या हो, दादा," साडू म्हणाला. "कोणी का असेना. त्याला एकदा घोड्यावर फिरवून आणू, निवळेल बिचारा."

हे तो सहज म्हणाला की समजून, ते दादांना अजून कळलेलं नाही. विचारायची तर सोयच नाही.

संध्याकाळी बायकोने त्यांच्यासमोर अर्धं लिंबू ठेवलं. "चोळा. शाई जाते याने."

"शाई कुठली? रंग आहे तो."

"हो, हो. पाळणे आतून निळे आहेत, मला माहीत आहे," ती म्हणाली. "चोळा."

शनिवारी सकाळी चोवीस फेऱ्या झाल्या. तेव्हापासून रोज होतात. प्रत्येक फेरीला ती चौकट समोर येते, वर दिवा आणि खाली स्वतःचं ठळक नाव. इतके दिवस ज्या कागदाकडे बघायला नको म्हणून मैदानाला वळसा घातला, तोच आता दादांना रोज सकाळी चोवीस वेळा वाचावा लागतो. कधी कधी ती दहाव्या घोड्यावरची मुलगी कुंपणापाशी येऊन उभी राहते आणि मोजते. रांगेचं म्हणाल, तर ती दोन्हीकडे लागते. साडूकडची जरा जास्त लांब असते, पण दादांनी ती अजून मोजलेली नाही. म्हणजे एकदाच मोजली, बारा माणसांचा फरक होता.

हेवा आपल्या स्वभावातच नाही, हे वाक्य दादा आता चार वेळा म्हणत नाहीत. दिवसातून एकदाच म्हणतात, अकराव्या घोड्यावर बसल्यावर. तेल कितीही घातलं तरी दादा बसले की तो घोडा असा काही कुरकुरतो, की ते वाक्य कोणालाच ऐकू जात नाही!